लेन्स बदलली तरी फोटो सॉफ्टच येतात: दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं

किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सवर) फोटो सॉफ्ट, म्हणजे मऊ आणि धूसर, येतात म्हणून चांगली प्राइम लेन्स (झूम नसलेली) घेतली जाते. पहिले काही दिवस फोटो लख्ख येतात आणि मग तीच तक्रार परत सुरू होते. काही फ्रेम अगदी शार्प, तर त्याच ठिकाणी, त्याच प्रकाशात घेतलेल्या बाकीच्या फ्रेम धूसर. मग बॉडीवर, म्हणजे खुद्द कॅमेऱ्यावर, संशय येतो, मग फिल्टरवर, मग पुन्हा लेन्सवर. शेवटी लेन्स विकली जाते आणि पुढच्या लेन्सवर हाच खेळ नव्याने सुरू होतो.

हा त्रास वारंवार येण्याचं कारण असं, की ‘फोटो सॉफ्ट येतो’ या एका तक्रारीत पाच-सहा वेगवेगळे दोष मिसळलेले असतात. कॅमेरा हलला, माणूस हलला, फोकस भलतीकडे बसला, फोकसची खोली (पुढेमागे जेवढं अंतर शार्प दिसतं ते) कमी पडली, काच मळली, लेन्समधला एखादा घटक (आतली काच) सरकला. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर काहीच होत नाही. पण यातला प्रत्येक दोष फोटोवर स्वतःची खूण सोडून जातो. ती खूण ओळखायला शिकलं की निम्मं काम तिथेच होतं, आणि बहुतेक वेळा लेन्स निर्दोष सुटते.

सुरुवात बिघडलेल्या फोटोपासून

कॅमेरा बाजूला ठेवा. बिघडलेला फोटो मोठ्या स्क्रीनवर शंभर टक्के झूम करून उघडा आणि एकच गोष्ट शोधा: फ्रेममध्ये कुठेतरी, काहीतरी शार्प आहे का?

डोळे धूसर आहेत पण कान किंवा मागचा खांब कडक दिसतोय, म्हणजे फोकस चुकलाय. लेन्स शार्प आहे, ती फक्त दुसरीकडे बघत होती. काहीच शार्प नाही आणि प्रकाशाचे बारीक ठिपके, डोळ्यातली चमक, पानांच्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसतायत, म्हणजे कॅमेरा हललाय. भिंत आणि टेबल शार्प आहे पण माणसाचा हात पुसट, म्हणजे माणूस हललाय. काहीच शार्प नाही, दिशाही नाही, उलट सगळ्या चित्रावर दुधाळ पातळ पडदा आल्यासारखं वाटतंय आणि काळा रंग राखाडी दिसतोय, तर काच, फिल्टर किंवा वाफ यांच्याकडे बघा. फक्त डावी किंवा उजवी बाजू सॉफ्ट असेल तर लेन्समधला घटक तिरका असू शकतो. आणि केस, कापडाचा पोत, गवत हे सगळं जलरंगात पुसल्यासारखं दिसत असेल तर तो उच्च आयएसओवर (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता वाढवल्यावर) जेपीईजी बनवताना कॅमेऱ्याने केलेल्या नॉइज रिडक्शनचा परिणाम आहे. तोच फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) उघडून बघा, तपशील बऱ्याच अंशी परत येतो.

त्यानंतर फोटोसोबत साठवलेली माहिती बघा: शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं), अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीमधला आकडा; जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), आणि तुमचं सॉफ्टवेअर दाखवत असेल तर वापरलेला फोकस पॉइंट. एक फोटो बघून निष्कर्ष काढू नका. बिघडलेले दहा-पंधरा आणि चांगले दहा-पंधरा शेजारी ठेवा. बिघडलेले सगळे १/८० किंवा त्याहून मंद शटरचे आणि चांगले सगळे १/३०० च्या वरचे निघाले, तर पुढचं वाचायचीही फारशी गरज नाही. बिघडलेले सगळे एफ/१.८ चे, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप उघडं ठेवून घेतलेले निघाले (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), तर रस्ता वेगळा. या तुलनेला पाव तास लागतो आणि तिच्याने वाचणारा खर्च मोठा असतो. तरी लोक हीच पायरी सर्वात जास्त वेळा गाळतात.

इथे एक सावधगिरी. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. इंचाला सुमारे ९६ पिक्सेल असलेल्या साध्या मॉनिटरवर शंभर टक्के झूम केलं, की तुम्ही दीड मीटरहून मोठी प्रिंट हातभर अंतरावरून न्याहाळत असता. त्या झूमला थोडासा मऊपणा दिसणं हा दोष नव्हे. दोष शोधायला शंभर टक्के झूम हवाच, पण फोटो चांगला की वाईट हे ठरवताना तो ज्या आकारात बघितला जाणार आहे त्या आकारात बघा.

हललेले फोटो

सर्वाधिक बिघडलेले फोटो हे निव्वळ हललेले असतात. आपला हात स्थिर आहे असं प्रत्येकाला वाटतं, त्यामुळे हे कारण लवकर कुणी मान्य करत नाही.

जुना नियम सगळ्यांना ठाऊक असतो: शटर स्पीड किमान एक भागिले फोकल लेंग्थ. ५० मिमीला १/५०, २०० मिमीला १/२००. हा नियम ३५ मिमी फिल्मच्या काळातला, मध्यम आकाराच्या प्रिंट डोळ्यासमोर ठेवून केलेला. आजच्या सेन्सरवर तो तोकडा पडतो, आणि क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, आणखी. निकॉन, सोनी, फुजीफिल्मच्या एपीएस-सी बॉडींवर फोकल लेंग्थला १.५ ने गुणायचं, कॅननच्या एपीएस-सीवर १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्सवर २ ने. म्हणजे एपीएस-सीवर ५० मिमीची लेन्स ७५ मिमीसारखी वागते आणि १/५० ला तिच्याकडून शार्प फोटोची अपेक्षा धरणं चूक आहे. जास्त मेगापिक्सेलच्या बॉडीवर या हिशोबाच्या दुप्पट वेग धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. एपीएस-सीवरच्या ५० मिमीला स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी सोय) नसेल तर १/१५० च्या खाली उतरू नका.

स्टॅबिलायझेशनने हा प्रश्न बराच सोपा केला आहे. अदलाबदल करता येणाऱ्या एसएलआर लेन्समध्ये ते पहिल्यांदा १९९५ साली कॅननच्या ७५-३०० मिमी झूममध्ये आलं, आणि आज बऱ्याच बॉडींमध्ये सेन्सरच हलवून हाताचा कंप भरून काढला जातो. पण स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरचा माणूस नाही. १/१५ ला भिंत शार्प येईल आणि तिच्यासमोरचं मूल धूसर. बोलणाऱ्या माणसाला साधारण १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्या मुलांना १/५०० च्या पुढे, आणि उडणाऱ्या पक्ष्यांना १/२००० च्या आसपास लागतो. हे आकडे ढोबळ आहेत, माणूस कॅमेऱ्याकडे येतोय की आडवा जातोय यावर बदलतात, पण सुरुवात इथून करा.

मग दिवसभर शार्प येणारे फोटो संध्याकाळी का बिघडतात? कारण अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) कॅमेरा प्रकाश कमी होईल तसा शटर गुपचूप मंद करत जातो आणि तुमचं लक्ष चेहऱ्यावर असतं. यावर उपाय एकच, आणि तो मनापासून सांगतो: ऑटो आयएसओ चालू करा आणि त्याच मेन्यूत किमान शटर स्पीड ठरवून द्या. माणसांसाठी १/२५० ठेवा. प्रकाश कमी झाला की कॅमेरा आधी आयएसओ वाढवेल, शटरला हात लावणार नाही. आयएसओ ३२०० चे दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येतात, हललेला चेहरा सरळ करता येत नाही. आयएसओ वाढवायला घाबरून शटर मंद ठेवणं हे सॉफ्ट फोटोंचं फार मोठं कारण आहे.

खरंच हात हलतोय का हे तपासायचं असेल तर स्थिर वस्तूचे चार-पाच फोटो सलग बर्स्टमध्ये घ्या. पहिला आणि शेवटचा धूसर आणि मधले शार्प आले, तर बटण दाबताना आणि सोडताना कॅमेरा झुकतोय. बोट बटणावरून उचलून आपटू नका, हळू दाबत न्या.

ट्रायपॉडवर लावूनही फोटो सॉफ्ट येतो ही तक्रार वेगळी, आणि तिची कारणं मजेदार आहेत. स्टॅबिलायझेशन असलेल्या जुन्या लेन्सना आपण ट्रायपॉडवर आहोत हे कळत नाही. त्या नसलेला कंप शोधत राहतात आणि स्वतःच चित्र हलवतात. अशा लेन्सवर स्विच बंद करा. डीएसएलआरमध्ये (आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) आरसा वर आपटण्याचा धक्का साधारण १/३० ते अर्धा सेकंद या टप्प्यात सर्वात जास्त दिसतो. मिरर लॉक-अप (आरसा आधीच उचलून ठेवणं) किंवा लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो घेणं) वापरला की तो जातो. मिररलेसमध्ये आरसा नाही, पण यांत्रिक शटरचा पहिला पडदा सरकण्याचाही धक्का बसतो, विशेषतः हलकी बॉडी आणि लांब लेन्स असेल तेव्हा. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (पहिल्या पडद्याचं काम सेन्सरच करतो) हा पर्याय त्यासाठीच दिलेला असतो. दोन सेकंदांचा टायमर लावा, मधला दांडा वर काढू नका, आणि वाऱ्यात लोंबणारा पट्टा काढून ठेवा.

फोकस बसतो, पण भलतीकडे

आता कळीचा प्रश्न. मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स नवीन घेतलेल्या माणसाला सर्वात जास्त त्रास इथे होतो, कारण किट लेन्सवर झाकल्या जाणाऱ्या चुका एफ/१.८ वर उघड्या पडतात.

आकडेच बघा. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) बॉडीवर ८५ मिमी लेन्स, एफ/१.८, माणूस दोन मीटरवर. फोकसची एकूण खोली जेमतेम सहा सेंटिमीटर. म्हणजे पुढे तीन, मागे तीन. चेहरा किंचित वळलेला असेल तर एक डोळा आत आणि दुसरा बाहेर. फोकस लावल्यावर तुम्ही किंवा समोरचा माणूस श्वासासरशी पुढेमागे झुकला तरी त्यातली निम्मी जागा संपते. इथे सिंगल ऑटोफोकस, म्हणजे एकदा फोकस लॉक करून थांबणारा मोड, उभ्या माणसावरही धोक्याचा आहे. सतत फोकस पकडत राहणारा मोड वापरा. निकॉन आणि सोनीवर त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननवर सर्व्हो. डोळा ओळखणारा फोकस बॉडीत असेल तर तो चालू ठेवा. मिररलेसचा हा सर्वात मोठा फायदा आहे.

दुसरी सवय मोडायला अवघड जाते: मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करायचा आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवायची. फोकस एका सपाट पातळीवर असतो आणि कॅमेरा वळला की ती पातळीही वळते. ५० मिमी लेन्सने दीड मीटरवरच्या डोळ्यावर फोकस करून कॅमेरा १५ अंश वळवला, तर फोकसची पातळी डोळ्याच्या मागे सुमारे पाच सेंटिमीटर जाते. एफ/१.८ ला या अंतरावर मागेपुढे मिळून खोली दहा सेंटिमीटर असते, म्हणजे डोळा नेमका काठावर येतो. याच कारणाने काही फोटो जमतात आणि काही बिघडतात, आणि दोष लेन्सला मिळतो. एफ/५.६ ला ही सवय निभावते. एफ/१.८ ला पॉइंटच डोळ्यावर सरकवा.

कॅमेऱ्याला फोकसची जागा स्वतः निवडू दिली तर तो बहुधा सर्वात जवळची, ठळक रेषा असलेली वस्तू पकडतो. माणसापुढचा माइक, फांदी, टेबलावरचा पेला. एकच लहान पॉइंट निवडला की ही तक्रार जवळजवळ संपते. पण पॉइंट गुळगुळीत गालावर किंवा एकरंगी शर्टवर ठेवलात तर पुन्हा फसाल. फोकसला धरायला काहीतरी कड लागते.

आणखी एक सेटिंग कुणी बघत नाही. सततच्या फोकस मोडमध्ये बऱ्याच बॉडी मुळातच ‘रिलीज प्रायॉरिटी’वर असतात, म्हणजे फोकस बसो न बसो, बटण दाबलं की शटर पडतं. मेन्यूत जाऊन ते ‘फोकस प्रायॉरिटी’ किंवा मधल्या पर्यायावर आणा. बर्स्टचा वेग थोडा कमी होईल, हाती लागणारे फोटो वाढतील.

फोकस मुळीच लागत नसेल, लेन्स नुसती पुढेमागे फिरत असेल, तर आधी लेन्सच्या बाजूचे स्विच बघा. पिशवीतून काढताना एएफ-एमएफचा स्विच सरकतो. टेली (दूरचं जवळ आणणाऱ्या) आणि मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सवर अंतराची मर्यादा घालणारा वेगळा स्विच असतो, तो चुकीच्या बाजूला असेल तर जवळची वस्तू कधीच पकडली जाणार नाही. प्रत्येक लेन्सला जवळात जवळचं अंतर ठरलेलं असतं आणि ते लेन्सच्या टोकापासून नव्हे, तर सेन्सरच्या पातळीपासून मोजतात. बॉडीवर वर्तुळातून आरपार गेलेली रेघ असते, ती त्या पातळीची खूण. लेन्स आणि बॉडीमधले सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. जुनी लेन्स असेल तर जोडी जमते का हेही बघा: निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर फक्त हाताने फोकस होतात. आणि व्ह्यूफाइंडरमध्येच सगळं धूसर दिसत असेल पण फोटो चांगले येत असतील तर डोळ्याजवळचं छोटं डायॉप्टर चाक (व्ह्यूफाइंडर तुमच्या नजरेला जुळवणारं) फिरलंय, दुसरं काही नाही.

फ्रंट फोकस, बॅक फोकस

हा भाग फक्त डीएसएलआरवाल्यांसाठी. मिररलेस असेल तर पुढच्या भागावर जा.

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना प्रकाश मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून खाली, बॉडीच्या तळाशी असलेल्या फोकस मॉड्यूलवर जातो. फोटो घेताना आरसे उचलले जातात आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. या दोन वाटांची लांबी हुबेहूब सारखी असेल तरच मॉड्यूलला शार्प वाटलेलं सेन्सरवरही शार्प येतं. बॉडीत किंवा लेन्समध्ये सूक्ष्म फरक राहिला, तर फोकस दरवेळी थोडा पुढे किंवा थोडा मागे बसतो. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे ही ठरावीक चूक तिथे उरत नाही.

‘दरवेळी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कधी पुढे, कधी मागे, कधी बरोबर अशी चूक असेल तर हा दोष नाही; वरच्या भागातली कारणं पुन्हा तपासा.

चाचणी अशी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर. समोर ठळक छपाईचं सपाट पान, सेन्सरला समांतर उभं. पानाच्या शेजारी पट्टी ४५ अंशांत तिरकी, तिचा शून्य किंवा एखादा ठरावीक आकडा पानाच्या पातळीत. फोकस पानावर लावायचा, पट्टीवर नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा खरा फोकस सेन्सर बराच मोठा असतो, तिरक्या पट्टीवर तो नेमका कुठे बसला हे तुम्हाला कळणार नाही आणि निकाल फसवा येईल. अंतर फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट, म्हणजे ५० मिमीसाठी सव्वा ते अडीच मीटर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. उजेड भरपूर आणि शक्यतो दिवसाचा, कारण प्रकाशाचा रंग बदलला की काही जोड्यांचा फोकस थोडा सरकतो. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग मुद्दाम फिरवून बिघडवा, मग व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस करून फोटो घ्या. असे आठ-दहा. मग लाइव्ह व्ह्यू चालू करून तसेच तीन-चार.

लाइव्ह व्ह्यूचे फोटो शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे एकाच बाजूला चुकलेले आले, तर दोष खरा आहे. २००७ साली आलेल्या कॅनन १डी मार्क ३ पासून अनेक मधल्या आणि वरच्या बॉडींमध्ये हे दुरुस्त करायची सोय असते. कॅनन तिला एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट म्हणतं, निकॉन एएफ फाइन ट्यून. उणे २० ते अधिक २० पर्यंत आकडे असतात. पाच-पाचच्या उडीने बघत जा, मग बारीक करा. झूम लेन्सच्या दोन टोकांना चूक वेगळी असू शकते आणि काही बॉडी दोन्ही टोकांसाठी वेगळे आकडे ठेवू देतात. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बॉडींमध्ये ही सोय नसते. तिथे बॉडी आणि लेन्स सेवा केंद्राकडेच न्यावी लागते.

चाचणी न करता, एका फोटोवरून हे आकडे बदलू नका. चांगली बसलेली जोडी बिघडवून मग महिनोन्‌महिने दुसरीकडे दोष शोधत बसण्याचा हा हमखास मार्ग आहे.

अ‍ॅपर्चर दोन्ही टोकांना सॉफ्ट का

बहुतेक लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला थोड्या मऊ असतात आणि एक-दोन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) बंद केल्यावर कडक होतात. हे बांधणीचं वास्तव आहे, बिघाड नाही. काही वेगवान (मोठ्या छिद्राच्या) लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बंद करताना फोकस किंचित मागेही सरकतो, त्यामुळे एफ/१.४ ला बरोबर असणारी लेन्स एफ/२.८ ला चुकते. लाइव्ह व्ह्यूत त्याच अ‍ॅपर्चरला फोकस लावून बघितलं की हे कळतं.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज जास्त नुकसान करतो. ‘सगळं शार्प हवं’ म्हणून निसर्गदृश्याला एफ/२२ लावला जातो आणि पूर्ण फ्रेम मऊ होते. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बिंदूचा ठिपका होतो. याचं गणित जॉर्ज बिडेल एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्येच मांडलं. हिरव्या प्रकाशासाठी हा ठिपका एफ/८ ला सुमारे ११ मायक्रॉन, एफ/१६ ला २१ आणि एफ/२२ ला जवळपास ३० मायक्रॉनचा होतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवरचा एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा, एपीएस-सीवर ४ मायक्रॉनहूनही थोडा लहान. यातून काय होणार ते उघड आहे. एपीएस-सीवर एफ/८, फुल फ्रेमवर एफ/११ पर्यंत थांबा. जवळचं फूल आणि दूरचा डोंगर दोन्ही हवेच असतील तर वेगवेगळ्या फोकसचे दोन-तीन फोटो घेऊन जोडा.

दुधाळ फोटो: फिल्टर, वाफ, बुरशी

इथे पहिला उपाय फुकट आहे: फिल्टर काढा आणि तोच फोटो पुन्हा घ्या. स्वस्त यूव्ही फिल्टरचा परिणाम लांब टेलीवर आणि समोरून उजेड येत असताना सर्वात जास्त दिसतो. संरक्षणासाठी हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी कडा) लावणं मला कधीही जास्त पटतं. तो धक्काही झेलतो आणि तिरका उजेडही अडवतो.

थंड खोलीतून उष्ण, दमट हवेत कॅमेरा नेला की काचेवर पाणी जमतं. बाहेरच्या काचेवरचं दिसतं, आतलं दिसत नाही आणि फोटो धुक्यातले येतात. बाहेर पडण्याआधीच कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि तो बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडा. घाईत लेन्स काढून पुसू नका, तीच दमट हवा सेन्सरपर्यंत जाईल.

बुरशी बघायची तर लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर उघडं ठेवा, आणि मागून टॉर्च तिरकी धरून समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी. एकसारखा धुरकट थर दिसला तर आतल्या वंगणाची वाफ बसलेली असू शकते. नुसते धुळीचे कण दिसले तर काळजी सोडा. लेन्समधली थोडी धूळ फोटो सॉफ्ट करत नाही, आणि सेन्सरवरची धूळ एफ/११ च्या पुढे आकाशात डाग म्हणून दिसते, धूसरपणा म्हणून नाही. बुरशी मात्र वाढत जाते आणि काचेवरचा लेप कायमचा खाते, म्हणून दिसल्याबरोबर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी करा आणि उघडून साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. अंधार आणि ६०-७० टक्क्यांवरची आर्द्रता तिला मानवते. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. ड्राय कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत एक लहान आर्द्रतामापक पुरतो. सिलिका जेल ओलं झालं की तापवून पुन्हा कोरडं करावं लागतं, हे विसरलं की डब्याचा उपयोग संपतो. चामड्याच्या केसमध्ये लेन्स महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं.

बाहेरची काच पुसताना आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर द्रव कापडावर घेऊन हलक्या हाताने. द्रव थेट काचेवर टाकला तर कडेने आत झिरपतो.

दूरच्या टेली फोटोंबद्दल एवढंच: तापलेल्या जमिनीवरून किंवा रस्त्यावरून घेतलेले लांबचे फोटो हवेमुळेच थरथरतात. त्यावर कुठलीही लेन्स, कुठलाही शटर स्पीड उपाय नाही. जवळ जा किंवा सकाळी लवकर या.

फक्त एकच बाजू सॉफ्ट

लेन्स पडली असेल किंवा जुळणीतच घटक तिरका बसला असेल तर फ्रेमची एक बाजू किंवा एक कोपरा कायम सॉफ्ट राहतो. विटांच्या भिंतीचा फोटो घेऊन हे ठरवू नका, कारण कॅमेरा भिंतीला किंचित जरी तिरका असला तरी तसंच दिसतं. त्याऐवजी खूप दूरची, बारीक तपशील असलेली एकच वस्तू निवडा. ट्रायपॉडवर, एफ/४ च्या आसपास, ती मधोमध ठेवून फोकस लावा आणि फोकस हाताच्या मोडवर नेऊन तसाच राहू द्या. मग कॅमेरा वळवून तीच वस्तू आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ पण एकमेकांसारखे असतील तर लेन्स ठीक आहे. तीन सारखे आणि चौथा वाईट, आणि पुन्हा केल्यावरही तोच वाईट, तर दोष लेन्समध्ये आहे आणि तो घरी दुरुस्त होत नाही.

सेवा केंद्राकडे नेताना

लेन्स आणि बॉडी दोन्ही न्या, कारण फोकसची चूक जोडीची असते. सोबत चाचणीचे मूळ फोटो द्या, संपादित केलेले नाहीत, आणि कागदावर लिहा: कोणत्या फोकल लेंग्थला, कोणत्या अ‍ॅपर्चरला, किती अंतरावर, दरवेळी की अधूनमधून. ‘फोटो शार्प येत नाही’ एवढंच लिहून दिलं तर साफसफाई होऊन लेन्स तशीच परत येण्याची शक्यता मोठी असते. परत आल्यावर त्याच पानावर, त्याच अंतरावर, त्याच उजेडात चाचणी पुन्हा करा आणि आधीच्या फोटोंशी ताडून बघा. वापरलेली लेन्स विकत घेतानाही टॉर्चची आणि चार कोपऱ्यांची तपासणी पैसे देण्याआधी करा, आणि ती स्वतःच्या बॉडीवर लावूनच करा.